घाटाखालचे घर : पाऊस, परंपरा आणि शब्द

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरांवर सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा आहे. शहरापेक्षा तेथे कित्येक पटींनी अधिक पाऊस पडतो. तेथून घाट उतरला की दक्षिण कोकण लागते. या दोन प्रदेशांचा संबंध प्राचीन आहे. शिलाहारांची एक शाखा कोल्हापुरास, तर दुसरी दक्षिण कोकणात राज्य करीत होती. दुसऱ्या शाखेतील रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) चा ताम्रपट खारेपाटण येथे सापडला. पुढील काळातही मीठ, सुकी मासळी व आमसुले घाट चढून येत आणि गूळ खाली जाई.

कोकणातील घराची रचना पावसाने ठरविली, हे मत सामान्यतः ग्राह्य आहे. परंतु त्यावरून ती रचना अनादि काळापासून तशीच आहे, असे अनुमान काढणे युक्त नव्हे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे पाडणे सुलभ जाते. मात्र या चिऱ्यांच्या भिंतींवर शोभणारी तांबडी मंगलोरी कौले बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढलेल्या कारखान्यानंतरची आहेत. तत्पूर्वी छप्पर गवताचे किंवा कुंभारी नळ्यांचे असे. स्वयंपाकघरासही हाच न्याय लागू पडतो. आमसुलाचे झाड सह्याद्रीच्या परिसरातले. मिरची व काजू मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आले.

तेव्हा परंपरा म्हणून जे टिकले, ते साहित्य नव्हे. पावसाशी वागण्याची रीत होय. छप्पर उतरते व भिंतीबाहेर काढलेले असावे, पडवीने आतील भिंतीस आडोसा द्यावा, आगोटीपूर्वी तांदूळ, कुळीथ व सुक्या मासळीची बेगमी करावी आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात पुन्हा होडी घालावी, ही ती रीत. पडवी, पागोळी, आगोट, गडगा या शब्दांत ती साठविलेली आहे. ‘माजघर’ या शब्दात तर ‘मध्यगृह’ हे घरातील स्थानच सांगितलेले आहे.

आज सपाट छताची घरे वाढत आहेत. अनेक ठिकाणी गळती थांबविण्यासाठी त्यांवर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढवावे लागते. उतार अशा रीतीने परत येतो. पडवी मात्र परत येत नाही, आणि तिच्याबरोबर तो शब्दही वापरातून जातो. म्हणून जुन्या घरांचे नकाशे काढताना घरातील वृद्धांच्या तोंडचे शब्दही त्याच वेळी टिपून घेणे अगत्याचे आहे. भिंतींची मापे पुढेही घेता येतील. शब्द सांगणारी माणसे तोवर राहतीलच, असे नाही.