धुळीच्या पडद्याआडचा उजेड

उर्दूत आकाशगंगेला ‘कहकशां’ म्हणतात. दोन कहकशां एकमेकींत घुसल्या तर तारे ताऱ्यांवर आदळतील, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. ताऱ्यांमधली अंतरे इतकी अफाट असतात की ते बाजूबाजूने निघून जातात. आदळतो तो वायू.

१९६६ मध्ये हॅल्टन आर्प यांनी वेड्यावाकड्या दीर्घिकांचा ३३८ नोंदींचा चित्रसंग्रह छापला. १९७२ मध्ये अलार आणि यूरी तूमरे या भावांनी संगणकावर दाखवून दिले की, अशा दीर्घिकांच्या लांबलचक शेपट्या निव्वळ परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने तयार होऊ शकतात.

खरा धक्का बसला तो १९८३ मध्ये. २५ जानेवारीला अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ उपग्रह सोडला. अवरक्त किरण म्हणजे एका अर्थी उष्णताच. ते टिपायचे तर दुर्बीण स्वतः गार हवी, नाहीतर तिच्याच उबेत सगळे बुडून जाईल. म्हणून ती द्रवरूप हेलियमने थंड ठेवली होती. दहा महिन्यांत हेलियम संपला आणि कामही थांबले. पण तोवर ९६ टक्के आकाश पाहून झाले होते. त्यात आर्प यांच्या यादीतली २२० क्रमांकाची फिकट दीर्घिका एक लाख कोटींहून अधिक सूर्यांइतकी तेजस्वी निघाली! जवळजवळ सगळे तेज अवरक्त. आतला प्रकाश धूळ गिळते, तापते आणि उष्णता बाहेर टाकते.

पण आत जळते काय? १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि सहकाऱ्यांनी मांडले की, वायू केंद्राकडे कोसळून कृष्णविवराला खाद्य मिळते. म्हणजे हे धुळीत दडलेले क्वेसारच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, त्याच वायूतून ताऱ्यांची अख्खी पिढी एकदम जन्मते.

या वादात मला आवडते ती निवाड्याची रीत. कृष्णविवराभोवतीचे प्रखर किरण अणूंचे जितके इलेक्ट्रॉन उडवतात, तितके ताऱ्यांना उडवता येत नाहीत. म्हणजे वायूवरच्या खुणा वाचायच्या. १९९५ मध्ये सोडलेल्या युरोपच्या ‘आयसो’ दुर्बिणीतून राइनहार्ड गेंझेल यांच्या गटाने अशा पंधराएक दीर्घिका तपासल्या. १९९८ चा निष्कर्ष असा: ७० ते ८० टक्के दीर्घिकांत मुख्य इंधन नवे तारे, उरलेल्यांत कृष्णविवर. (याच गेंझेल यांना २०२० चे नोबेल मिळाले ते मात्र आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवरासाठी.)

आर्प २२० च्या पोटात दोन गाभे आहेत, जेमतेम १२०० प्रकाशवर्षांवर. त्यांच्याभोवती धूळ इतकी दाट आहे की तिथे अवरक्त किरणांनाही पुरते आरपार येता येत नाही.