ब्रिओना टेलर : एमी शेराल्ड यांचे तैलचित्र

१३ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात पोलिसांनी मध्यरात्री घरात घुसून केलेल्या गोळीबारात ब्रिओना टेलर ही २६ वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी ठार झाली. त्याच वर्षी चित्रकार एमी शेराल्ड (जन्म १९७३) यांनी तिचे व्यक्तिचित्र तैलरंगात साकारले. शेराल्ड कृष्णवर्णीयांची त्वचा करड्या छटांत रंगवतात. ब्रिओनाच्या अंगावर फिरोजी पोशाख आहे, बोटात अंगठी. तिचा प्रियकर तिला लग्नाची मागणी घालणार होता. चित्र दोन संग्रहालयांनी मिळून विकत घेतले. विक्रीच्या पैशातून लुईव्हिल विद्यापीठात शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. अत्याचाराच्या बातम्यांत आम्ही बहुधा मृतदेहाचेच छायाचित्र पाहतो, पुढे पाठवतो. इथे मात्र तिचे हिरावलेले आयुष्य दिसते. म्हणून हे चित्र आम्हाला मोलाचे वाटते.