वडसा : धान कापल्यावर जिथे नाटके ठरतात

गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ एकच रेल्वे स्थानक होते : वडसा. सरकारी दप्तरात या गावाचे नाव देसाईगंज. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. अलीकडे आरमोरी आणि कुरखेड्याकडे जाणारे जंगलातले रस्ते. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगली, पुणे व मुंबई या तीन नावांत आटोपणाऱ्यांच्या ग्रंथांत हे गाव क्वचितच आढळते. पण दिवाळी आली की येथील रस्त्यांवर नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांचे फलक झळकू लागतात आणि दूरदूरच्या खेड्यांतली माणसे नाटक ठरवायला वडशाला येतात.

ही माणसे ज्या प्रदेशातून येतात त्याला झाडीपट्टी म्हणतात : चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया. यांतील गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, तर गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. बोली, सोयरीक आणि नाटक यांनी मात्र या सीमा कधी फारशा मानल्या नाहीत.

येथील नाटकाचे मूळ शोधायचे तर रंगमंचाआधी शेताच्या बांधावर जावे लागते. गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधले गेले. कोहळी समाजाचे तलाव बांधण्याचे कौशल्य त्यात विशेष मानले जाते. या पाण्यावर धान पिकले. धानाचे मुख्य पीक एकच. कापणी-मळणी उरकली की घरात धान्य, हातात थोडा पैसा आणि पुढे मोकळे महिने, असा तिहेरी योग जुळतो. दिवाळीनंतरच्या मंडया, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट, दंडार आणि खडी गंमत हे सारे याच मोकळ्या काळाचे उत्सव होत. नाटक त्यांच्या पंक्तीत नंतर येऊन बसले.

विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले. १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगले. त्यानंतरच्या अर्धशतकात फिरत्या मंडळ्यांनी वैभव पाहिले, आणि १९३२ नंतर मराठी बोलपट येताच त्यांतील बहुतेकींचा डोलारा कोसळला. झाडीपट्टीत तसे का झाले नाही? ‘खेड्यांत सिनेमा उशिरा पोहोचला’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. पुढे सिनेमा आला, दूरचित्रवाणी आली, मोबाइलही आला. तरी नाटक उभेच राहिले.

खरे कारण व्यवस्थेत सापडते. तिकडच्या मंडळीला नाट्यगृहाचे भाडे, नटांचे पगार आणि रिकाम्या खुर्च्यांचा तोटा हे सगळे स्वतः सोसावे लागे. झाडीपट्टीत जोखीम गाव उचलते. गावातील मंडळ वडशाला येऊन नाटक निवडते, मोबदल्याची घासाघीस करते, तारीख पक्की करते. मग गावात मंडप उभारते, तिकिटे विकते आणि नफा-तोटा आपल्या माथी घेते. मंडळीने ठरलेली रक्कम घ्यायची आणि रात्र गाजवायची. कला-नियोजन हा शब्द आज शहरांच्या विकास आराखड्यांत मिरवतो. येथे ते काम चावडीवर होत आले आहे. अर्थात ते नेहमी गुण्यागोविंदाने होते असे नाही. एकाच गावात, एकाच रात्री दोन मंडळांची दोन नाटके लागतात आणि प्रेक्षकांची ओढाताण होते.

प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. ऑर्गन आणि तबला समोर प्रत्यक्ष वाजतात. तालमी थोड्या, म्हणून पडद्याआडच्या प्रॉम्प्टरवर भिस्त मोठी. त्या दिवशी घरोघरी पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात, उपवर मुला-मुलींच्या गोष्टी निघतात. कित्येक सोयरिकी नाटकाच्या निमित्तानेच जुळल्या आहेत. सिनेमाला ही जागा घेता आली नाही ती यामुळे.

पूर्वी गावातील पोरेच महिनोन्‌महिने तालमी करून नाटक बसवीत, आणि स्त्री-भूमिकांसाठी तेवढ्या नट्या बाहेरून आणीत. वडशाच्या व्यावसायिक मंडळ्यांनी तयार नाटक देऊ केले आणि प्रयोग सफाईदार झाला. पण गावचा नट प्रेक्षकांत जाऊन बसला. हा व्यवहार सरळ लाभाचा नव्हता.

भाषेचे तर अधिकच. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी झाडीबोली प्रेक्षकांच्या तोंडी आहे, पण रंगमंचावरचा नायक बहुतेकदा प्रमाण मराठीत बोलतो आणि बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. आपल्या भाषेवर आपणच हसावे, असा हा विचित्र प्रसंग आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास आयुष्यभर केला आणि झाडीबोली साहित्य मंडळाची चळवळ उभी केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

दरम्यान धक्केही बसले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. शंकरपटाला दिवसा जमलेली गर्दी रात्री नाटकाला बसे. पट थांबला आणि अनेक ठिकाणी नाटकाचा आयता प्रेक्षक ओसरला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, तोवर करोनाने एक अख्खा हंगाम गिळला होता. २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा चित्रपट याच दुनियेवर आला. २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. विनोदी भूमिकांनी त्यांना या मुलखात घराघरांत नेले होते. राजधानीने झाडीपट्टीकडे पाहिले ते एका विनोदी नटामुळे, ही बाब बोलीसंबंधी वर जे म्हटले त्याला छेद देणारी आहे.

हंगामात सायंकाळ झाली की वडशाहून नेपथ्य आणि नटसंच घेऊन गाड्या निघतात. उजाडता परततात, आणि दुसऱ्या रात्री दुसरे गाव. होळीच्या आसपास हे थांबते. मग यांतील कित्येक नट आपापल्या शेतावर परततात आणि मृगाच्या आधी धुऱ्यांची डागडुजी करू लागतात.