न झालेल्या सामन्यांचा संघ

सर्वकालीन अकरा जणी निवडायच्या म्हटलं की नावांच्या आधी हद्दीवरून भांडण सुरू होतं. क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र एक नाहीच. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना, तीन संघ. सीवूड्स-दारावे स्टेशनच्या परिसरात बॅट धरायला शिकणारी मुलगी मुंबईची, सांगलीतली महाराष्ट्राची आणि नागपूरची विदर्भाची. त्यातून नोकरी लागली की ती रेल्वेची होते आणि आपल्याच गावच्या संघाविरुद्ध खेळते. म्हणून या लेखापुरता नियम सोपा ठेवला आहे: जी इथल्या मैदानांवर घडली, ती आपली. सामना पन्नास षटकांचा. मैदान अर्थातच डी. वाय. पाटील, सीवूड्सहून एक स्टेशन पलीकडे, नेरुळला.

मैदानाबद्दल फार शोधाशोध करावी लागली नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला भारतीय महिलांनी पहिला विश्वचषक इथेच जिंकला. दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय, शफाली वर्माच्या 87, दीप्ती शर्माच्या 58 धावा आणि 39 धावांत 5 बळी. हा सामना मुळात नवी मुंबईच्या वाट्याला नव्हताच. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर जूनमध्ये चेंगराचेंगरी झाली, तिथले सामने काढून घेतले गेले आणि ऑगस्टमध्ये ते नेरुळला आले. पण गर्दी त्या दिवशी पहिल्यांदा जमली असं कुणी म्हणू नये. 11 डिसेंबर 2022 ला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-20 सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हरमध्ये गेला, तेव्हा प्रवेश मोफत होता आणि 45 हजारांहून जास्त माणसं आत होती. वर्षभराने, डिसेंबर 2023 मध्ये, याच मैदानावर भारताने इंग्लंडला कसोटीत 347 धावांनी हरवलं. महिला कसोटीत धावांच्या फरकाने एवढा मोठा विजय त्याआधी कुणी मिळवला नव्हता.

या सगळ्याची सुरुवात बरीच लहान होती. 1969 मध्ये मुंबईत आलू बामजी यांनी मुलींसाठी ‘ॲल्बीज’ हा क्लब काढला. 1973 मध्ये महेंद्रकुमार शर्मा यांनी लखनौला भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. राष्ट्रीय म्हणायचं, पण संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यातले दोन आपले! वर्ष सरायच्या आत वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली, तिथे आठ संघ आले. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ आला, त्याचा पहिला सामना पुण्यात झाला. त्या मालिकेत भारताच्या तीन कर्णधार झाल्या, त्यांतल्या एक पुण्याच्या उज्ज्वला निकम. अधिकृत कसोटी अजून व्हायची होती. ती 31 ऑक्टोबर 1976 ला बंगळुरूत सुरू झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध.

त्या कसोटी संघात डायना एदलजी होत्या. आपल्या अकरांत पहिलं नाव त्यांचं आणि कर्णधारपदही त्यांचंच, त्यावर मी मतदान घेणार नाही. रेल्वे वसाहतीत वाढलेली पारशी मुलगी. क्रिकेटआधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस या दोन्ही खेळांत राष्ट्रीय कुमार पातळीपर्यंत पोचलेली. बास्केटबॉलवाल्यांनी तिला जपलं असतं तर आज हा लेख वेगळ्या कोर्टावर लिहावा लागला असता. डावखुरी फिरकी, 20 कसोटींत 63 बळी, 34 एकदिवसीय सामन्यांत 46. 1978 चा विश्वचषक भारतात झाला तेव्हा त्या कर्णधार होत्या आणि 1993 च्या विश्वचषकातही त्याच होत्या. 2023 मध्ये आयसीसीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

इथे थोडं थांबून आकडे पुन्हा वाचायला हवेत. 1978 ते 1993 ही पंधरा वर्षं आणि एकदिवसीय सामने चौतीस. म्हणजे वर्षाला सरासरी दोन. स्मृती मानधनाचे विश्वचषक जिंकेपर्यंत शंभराहून अधिक झाले होते. बळींच्या यादीत डायना एदलजींना शोधायला गेलात तर त्या बऱ्याच खाली सापडतील, त्यांच्याहून कमी दर्जाच्या गोलंदाजांच्याही खाली. त्याला कारण त्यांची फिरकी नाही. 1977 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळल्यावर भारतीय महिलांची पुढची कसोटी थेट 1984 मध्ये झाली. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर पुन्हा शांतता, ती 1991 पर्यंत. 1988 च्या विश्वचषकाला भारताचा संघ गेलाच नाही. ऐन बहरातली वर्षं अशी कोरी गेली. संघटना गरीब होती, दौऱ्याचे पैसे खेळाडूंनाच जमवावे लागत आणि राष्ट्रीय स्पर्धेला जाताना अनारक्षित डब्यात किटवर बसून प्रवास व्हायचा. सर्वकालीन संघ निवडणारा माणूस फक्त धावा आणि बळी मोजत बसला, तर तो खेळाडू निवडत नसतो, संघटनेचं वेळापत्रक निवडत असतो.

म्हणूनच दुसरं नाव पुण्याच्या शुभांगी कुलकर्णींचं. लेग-स्पिन, 19 कसोटींत 60 बळी आणि वर 700 धावा. अष्टपैलू म्हणजे काय हे यापेक्षा स्वच्छ दाखवता येत नाही. आणखी एक काम त्यांच्या नावावर आहे, ते धावफलकावर दिसत नाही. 2006 मध्ये महिला संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा सचिव त्या होत्या. स्वतःची संस्था दुसऱ्या संस्थेत विसर्जित करायची आणि तेही खेळाडूंच्या भल्यासाठी, हे मनाला सोपं गेलं नसणार.

विलीनीकरणाने लगेच दिवस पालटले असं मात्र नाही. 2006 च्या ऑगस्टनंतर भारताची पुढची महिला कसोटी 2014 च्या ऑगस्टमध्ये झाली, आठ वर्षांनी. संस्था श्रीमंत झाली आणि कसोटीच गायब. 2013 च्या विश्वचषकात मुंबईतले सामने वानखेडेवर ठरले होते, पण मुंबईचा पुरुष संघ रणजीच्या अंतिम फेरीत आला आणि वानखेडे त्यांच्याकडे गेलं, महिलांना ब्रेबॉर्नला जावं लागलं. पाहुण्यांना हॉलमधून उठवून आतल्या खोलीत बसवावं, तसं. खेळाडूंना वार्षिक करार मिळाले 2015 मध्ये, पुरुषांइतकं सामन्याचं मानधन जाहीर झालं ऑक्टोबर 2022 मध्ये.

या मधल्या काळाची खरी खेळाडू म्हणजे मुंबईची पूनम राऊत. सलामीला स्मृती आणि पूनम, हे माझं ठाम मत. नोव्हेंबर 2014 मध्ये म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पूनमने कसोटीत 130 धावा केल्या. भारताची पुढची कसोटी जून 2021 मध्ये ब्रिस्टलला झाली. शतक ठोकून साडेसहा वर्षं पॅड बांधून बसायचं! 2017 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर तिने 86 केल्या आणि ती बाद झाल्यावर डाव कोसळला, सामना नऊ धावांनी गेला. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूच्या कसोटीत पंचांनी नाबाद दिलं असतानाही ती 36 वर स्वतःहून चालती झाली, चेंडू बॅटला लागल्याचं तिला ठाऊक होतं. त्याच डावात स्मृतीने 127 केल्या होत्या, त्यामुळे पूनमचं जाणं कुणाच्या लक्षात राहिलं आणि कुणाच्या नाही. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी तिला निवडलं नाही.

त्याच यादीतून जेमिमा रॉड्रिग्जलाही वगळलं होतं. तिला तिसऱ्या क्रमांकावर घेताना माझ्यासमोर 30 ऑक्टोबर 2025 ची रात्र आहे. उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा. तिसऱ्या क्रमांकावर जायचं आहे हे तिला काही मिनिटं आधी कळलेलं. याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसलेली. नाबाद 127 आणि पाच गडी राखून विजय. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढी धावसंख्या कुणी पार केली नव्हती. भांडुप-वांद्र्यात वाढलेली, महाराष्ट्राकडून कुमार गटात हॉकी खेळलेली, औरंगाबादला एकोणीस वर्षांखालील सामन्यात नाबाद 202 केलेली ही मुलगी आता नेरुळच्या मैदानाची झाली आहे. तिकडे ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते, मुंबईकडून धावांच्या राशी घालूनही भारताची टोपी न मिळालेले. न मिळालेल्या सामन्यांची किंमत त्यांना शिकवावी लागली नसेल.

मधली फळी मात्र खरोखर अवघड आहे. चौथ्या जागी नागपूरची मोना मेश्राम, 2013 आणि 2017 या दोन्ही विश्वचषकांच्या संघांत असलेली. विदर्भाची जागा भरण्यासाठी घेतली, असा आरोप होईल. होऊ दे. पाचव्या जागी सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे. हा जुगार आहे आणि मला तो आवडतो. भालाफेक, गोळाफेक करणारी ही मुलगी नागालँडकडून खेळताना 2022 मध्ये टी-20 च्या एका डावात नाबाद 162 करून गेली. भारतासाठी एकही एकदिवसीय सामना खेळलेली नाही. पण पंधरा वर्षांत चौतीस सामने खेळलेली कर्णधार असलेल्या संघात सामन्यांच्या संख्येवरून कुणाला बाहेर काढायचं नाही, हे आपलं ठरलं आहे. सहाव्या जागी पुण्याची सोनिया डबीर, मध्यमगती गोलंदाजीसाठी. यष्टीमागे सुलक्षणा नाईक, 46 एकदिवसीय सामन्यांचा अनुभव, त्यावर वाद नको. ऑफ-स्पिनला कोल्हापूरची अनुजा पाटील.

आता वेगवान गोलंदाज. इथे आपल्या मातीचं दुबळेपण उघडं पडतं. बंगालने झूलन गोस्वामी दिली. आपण पन्नास वर्षांत फिरकी आणि सलामीच्या फलंदाज दिल्या, नवा चेंडू दहा षटकं हक्काने टाकेल अशी एकही मोठी गोलंदाज दिली नाही. अकरावी जागा मुंबईच्या सायमा ठाकोरला, ऑक्टोबर 2024 मध्ये भारताकडून पदार्पण केलेली. तिच्या पुढे अजून बरीच वर्षं आहेत आणि ती वर्षं कोरी जाणार नाहीत, एवढं तरी आज म्हणता येतं.

तीन फिरकीपटू आणि दोन मध्यमगती. नेरुळला संध्याकाळी दव पडतं, चेंडू ओला होतो, फिरकीपटूंच्या बोटांतून निसटतो. म्हणजे नाणेफेक जिंकली तर डायना एदलजींनी आधी गोलंदाजी घ्यावी. पण अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने नेमकं तेच केलं होतं आणि दीप्तीने दुसऱ्या डावात, दिव्यांखाली, पाच जणींना बाद केलं.

बाराव्या खेळाडूवरून आमच्याकडे अजून भांडण चालू आहे. राधा यादव कांदिवलीची, भाजीच्या गाडीवर घर चालवणाऱ्या बापाची लेक, भारतातल्या सर्वांत चपळ क्षेत्ररक्षकांपैकी एक. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती नेरुळलाच खेळली. पण स्थानिक क्रिकेट बडोद्याकडून. सुरुवातीचा नियम लावला तर ती आपली. बडोदेकर याला हरकत घेणार, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही.