सीमेपलीकडचा पाऊस

सातपुड्याच्या दक्षिण उतरणीवर, नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या हमरस्त्यालगत, सौंसर तालुक्यातील बोरगाव वसले आहे. आणि तेथून पांढुर्ण्यापर्यंतचा जो मराठी मुलूख आज मध्यप्रदेशाच्या दप्तरी मोडतो, त्याच्या पुरांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो एका राज्याच्या हद्दीत मावत नाही. १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाल्यापासून मुलताई, सौंसर, काटोल व मोवाड ही सर्व स्थळे एकाच सरकारच्या अमलाखाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मुलताई व सौंसर मध्यप्रदेशात राहिली आणि काटोल-मोवाड प्रथम मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात गेली. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून निराळा जिल्हाही झाला. परंतु पाणी पूर्वीच्याच वाटेने खाली उतरत राहिले.

त्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. मुलताईच्या एकाच पठारावरून तापी पश्चिमेस अरबी समुद्राकडे जाते, तर वर्धा त्याच परिसरात उगम पावून विदर्भात शिरते. कन्हान छिंदवाड्याच्या डोंगरातून निघून सौंसर तालुक्यास स्पर्श करीत नागपूर जिल्ह्यात उतरते व अखेर वैनगंगेस मिळते. पांढुर्ण्याची जाम नदी या कन्हानचीच उपनदी होय. श्रावण-भाद्रपदात बंगालच्या उपसागरावरून निघालेले कमी दाबाचे पट्टे मध्यभारतावरून पश्चिमेकडे सरकू लागले, की सातपुड्याच्या कड्यांवर मेघ अडतात आणि दिवसचे दिवस झड लागते. या झडीत काळी जमीन भिजून तृप्त होते, खालचा कठीण पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही, आणि अशा अवस्थेत वर एखादी रात्र मुसळधार कोसळली, म्हणजे पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब नाल्यांच्या वाटेने नदीकडे धावतो. उतार तीव्र, ओढे आखूड. म्हणून सकाळी घोटाभर पाण्यातून जी बंडी पलीकडे गेली, तीच दुपारी बैलांसह वाहून जाण्याचा प्रसंग येतो, आणि तोही गावावर थेंब पडलेला नसताना.

जुन्या लोकांस हे व्यवहाराने ठाऊक होते. गावाची पांढरी शक्यतो उंचवट्यावर आणि काळी नदीकडे, अशी वस्तीची मांडणी असे. मालगुजारीच्या अमदानीत गावची बरीवाईट खबर पोहोचविणे हे कोतवालाचे काम असे आणि त्याची दवंडी ही गावाची सूचना असे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, वस्त्या वाढल्या, घरे नदीच्या पात्राकडे सरकली. तरीही नदीशी असलेला सलगीचा संबंध तुटला नाही. पांढुर्ण्याची गोटमार पाहिल्यास हे ध्यानी येते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसाळ्यात, जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो हस्तगत करण्यासाठी एका तीरावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्यावरून सावरगावचे लोक परस्परांवर धोंडे फेकतात. जेथे नदीचे पात्र हे गावाचे मैदान असते, तेथे नदीविषयीची भीती सहसा उरत नाही; आणि अपघाताचे बीज पुष्कळदा या निर्धास्तपणातच असते.

त्याचे सर्वांत दारुण प्रत्यंतर सीमेच्या दक्षिणेस आले. नरखेड तालुक्यातील मोवाड हे वर्धेच्या काठचे जुने गाव. तेथील नगरपालिका १८६७ सालची. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला आलेल्या महापुराने या गावाचा घास घेतला. दोनशे चार माणसे मृत्युमुखी पडली, घरेदारे जमीनदोस्त झाली आणि वाचलेल्यांसाठी नवी वस्ती वसवावी लागली. त्या दिवशीच्या मृतांस मोवाडकर आजही दरवर्षी श्रद्धांजली वाहतात. पुढे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस छिंदवाडा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, पेंच नदीवरील चौराईच्या धरणातून पाणी सोडावे लागले, खाली तोतलाडोहचे दरवाजे उघडले, आणि पेंच, कन्हान व वैनगंगेकाठची नागपूर-भंडाऱ्याकडील गावे जलमय झाली. दोन्ही प्रसंगी वरच्या मुलखाच्या पाण्याने खालच्या मुलखास गाठले.

म्हणून या सरहद्दीवरील माणसाने आपल्या अंगणातील पावसावरून नदीचा अंदाज बांधू नये. मुलताईकडे किंवा छिंदवाड्याच्या डोंगरात काय पडले, धरणातून किती विसर्ग सुरू आहे, याची चौकशी करावी; आणि दोन्ही राज्यांच्या तहसील कचेऱ्यांनी ही खबर कागदाच्या आधी दूरध्वनीने एकमेकींस व तेथून थेट गावोगाव द्यावी. झड लागली, की गुरे दाव्यातून मोकळी करून उंचावर न्यावीत, शिधा व कागदपत्रे एका गाठोड्यात बांधून ठेवावीत, वीज कडाडत असता झाडाखाली उभे राहू नये. रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर ते कितीही उथळ दिसो, ओलांडू नये. दोन फूट वाहते पाणी मोटारीसही उचलून नेते, आणि गढूळ पाण्याखालचा भराव खचला आहे की शाबूत आहे, हे काठावरून कोणासही सांगता येत नाही. नाला उतरण्यास चार-सहा तास लागतील. तेवढा वेळ अलीकडच्या काठावर थांबावे.