हरिभाऊंना कुठून धरावं?

लेखकाने एकच पुस्तक लिहावं आणि स्वस्थ बसावं, यासारखे वाचकावर दुसरे उपकार नाहीत. वाचक ते एक पुस्तक वाचतो आणि ‘मी अमुक वाचला आहे’ असं चारचौघांत निर्धास्त सांगतो. पण काही लेखक फणसासारखे असतात. लेखक समोर येतो, आकार पाहूनच छाती दडपते, आणि पहिला प्रश्न पडतो तो चवीचा नव्हे, हा कापायचा कुठून याचा. कोकणातला माणूस निदान खऱ्या फणसापुढे डगमगत नाही. हाताला तेल लावतो आणि विळी पुढे ओढतो. कादंबरीकाराच्या बाबतीत तेल कुठे लावायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

हरि नारायण आपटे हा मराठीतला असा पहिला मोठा फणस. जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. कर्तृत्व सगळं पुण्याचं. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली तेव्हा हरिभाऊ सदतिसाव्या वर्षात होते, म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य त्यांनी तिच्या राज्यात काढलं. तिकडे विलायतेत डिकन्स आणि मंडळी दर हप्त्याला कादंबरीचा घास भरवत होती. इकडे हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि पंचवीसहून अधिक वर्षं मराठी माणसाला तसंच भरवलं. आनंदाश्रमासारख्या संस्थेचा कारभार, पुण्याच्या नगरपालिकेची उठाठेव, १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, हे सारं करून १९१९ साली ते गेले, तेव्हा मागे वीस-एकवीस कादंबऱ्या होत्या. त्यांतल्या काही अर्धवट. कॉलेजची पदवीही अर्धवट. पण पदवी अर्धवट राहिली म्हणून वाचकाचं काही बिघडलं नाही. कादंबरी अर्धवट राहिली की आठवडाभर जेवण गोड लागत नाही.

आता अडचणींचा पाढा. पहिली अडचण आपटे कोणते, ही. वाचनालयात जाऊन नुसतं “आपट्यांची कादंबरी द्या” म्हणाल तर फसाल. एक ह. ना. आपटे आणि दुसरे ना. ह. आपटे. दुसरेही भरपूर लिहिणारे, त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून १९३७ साली ‘कुंकू’ हा बोलपट निघाला. दोन अक्षरं इकडची तिकडे केली की मागच्या पिढीऐवजी पुढची पिढी हातात पडते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी महिनाभर ना. ह. वाचून काढले आणि मग म्हणाल्या, “अहो, यात तो तानाजी येतो कधी?”

ह. ना. ठरले, की दुसरी अडचण क्रमाची. शिस्तप्रिय माणसं सांगतात, पहिल्यापासून सुरुवात करा. पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’, साल १८८५. आता पहिल्याच कादंबरीचं नाव ‘मधली’ असावं, इथेच शिस्तीचा पाया खचतो. शिवाय तिचा सांगाडा आला रेनल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वरून. हा जॉर्ज रेनल्ड्स (१८१४ ते १८७९) म्हणजे विलायतेतला महाफणस. एक-एक पेनीच्या हप्त्यांनी लंडनची गुपितं विकणारा, राजकारणात चार्टिस्ट, खपात भल्याभल्यांना मागे टाकणारा. त्याच्या देशाने त्याला पुढे अडगळीत टाकलं, पण आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या दोन पिढ्यांनी त्याला उशाखाली ठेवून वाचलं. तेव्हा हरिभाऊ पहिल्यापासून वाचायचे म्हटले तर आधी रेनल्ड्स वाचायला हवा, आणि त्यालाही कुठून धरावं, हा प्रश्न आहेच. म्हणजे घाट चढण्यापूर्वी दुसरा घाट.

काहीजण नावांवरून जातात. ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’, ‘मध्याह्न’, ‘सूर्यग्रहण’. कादंबऱ्या नव्हेत, दाते पंचांग वाटतं. पहाटेपासून लागावं तर ‘उषःकाल’ हातात घेताच मनगट दुखतं. १८९५ पासून पुढे ‘करमणुकी’त ती वर्षानुवर्षं चालली, आणि ज्या वाचकाला पुढल्या आठवड्याचीच काळजी होती त्याला ती जड गेली नाही. आपल्याला ती सबंध एका दमात उचलावी लागते.

तिसरी पद्धत खास महाडची. महाडात पुस्तकाचं भवितव्य समीक्षक ठरवत नाहीत, सावित्री ठरवते. नदीने ठरवलं की खालच्या दोन फळ्या तिच्या. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाणी शहरात घुसलं ते घराघरांतून वर चढत गेलं. आमच्या एका नातेवाइकांच्या कपाटात हरिभाऊ ओळीने लावलेले होते. पाणी ओसरल्यावर वरच्या फळीवर ‘गड आला पण सिंह गेला’ आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ एवढी दोनच उरली. “नदीने निवडून ठेवलीत,” असं त्या घरातल्या आजी म्हणाल्या. मराठीच्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारलं असतं तरी त्याने याहून वेगळी निवड केली नसती.

पण खरा आग्रह पोलादपूरचा. तिथे हरिभाऊंचं नाव काढलं की सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच उरत नाही. एका निवृत्त गुरुजींनी मला एस.टी.ची वाट पाहता पाहता निकाल दिला, “अहो, आधी आमचा तानाजी वाचा. बाकीचं पुण्याचं आहे, ते सावकाशीने वाचलंत तरी चालेल.” यात गावाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात. तिथे तानाजींची समाधी आहे, शेलारमामांची आहे. सिंहगडावरून त्यांचा देह ज्या वाटेने कोकणात उतरवला, तिलाच मढे घाट म्हणतात असं जुनी माणसं सांगतात. तो घाटही महाडच्या बाजूलाच उतरतो.

आणि वाङ्मयाच्या बाबतीत हा मुलूख काही अडाणी नाही. महाडपासून जवळ शिवथरची घळ. रामदासांनी ‘दासबोध’ तिथे सांगितला, कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, अशी श्रद्धा. तो पूर्ण झाला. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी. शिवाजीमहाराजांच्या हयातीत त्यांचं चरित्र संस्कृतात रचणारा हा कवी. पण त्यांचं ‘शिवभारत’ एकतीस अध्याय पुरे करून बत्तिसाव्याच्या तोंडाशीच थांबलं. तेव्हा ग्रंथ अर्धवट सोडण्याची प्रथा पुण्याने सुरू केली, असा जो समज आहे तो पोलादपूरवर अन्याय करणारा आहे.

असो. तर गुरुजींचं ऐकून ‘गड आला पण सिंह गेला’ हातात घ्यावी. आकाराने आटोपशीर, १९०३ सालची. पण इथे एक गंमत लक्षात ठेवावी. या भागात ही कादंबरी कादंबरी म्हणून कुणी वाचत नाही, सातबारा म्हणून वाचतात. त्यातलं प्रत्येक वाक्य आपल्या नावावर चढलेलं आहे अशी खात्री. प्रत्यक्षात काय आहे? कोंढाणा घेतला गेला तो फेब्रुवारी १६७० मध्ये. महाराजांनंतर सतरा वर्षांनी, १६९७ साली, कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तीत तानाजी आहे, उदेभान आहे, कडा चढणारे मावळे आहेत, दोघा वीरांचं एकमेकांच्या हातून पडणं आहे. घोरपड नाही. घोरपड, रायबाचं लग्न, शेलारमामा हे वैभव तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याचं. ‘सिंहगड’ हे नाव तर १६७० च्या आधीच्या पत्रांतही सापडतं, म्हणजे सिंह जाण्यापूर्वीही गड सिंहाचाच होता.

हे ऐकून उमरठच्या वाटेवर कुणी आपल्याला चहा पाजणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तानाजीचं यात काडीचंही नुकसान नाही. घोरपड काढून घेतली तर कडा उलट अधिक उभा होतो आणि चढणारा अधिक मोठा. माणूस कड्यावर चढला आणि परत आला नाही, एवढी गोष्ट बखरीतही तशीच आहे.

हरिभाऊंनी पोवाड्यात स्वतःचं काय घातलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी घातली कमलकुमारी. ही रजपूत विधवा सती जायला निघालेली आहे आणि उदेभान तिला पळवून कोंढाण्यावर आणून ठेवतो. बखरीत तिचा मागमूस नाही. हरिभाऊंनी तिला आणली आणि ती इतकी पक्की बसली की १९३३ साली शांतारामबापूंनी ‘सिंहगड’ बोलपट काढला त्यात ती आली आणि २०२० साली तानाजीवर हिंदी चित्रपट निघाला त्यातही तिची सावली आली. आता तिला इतिहासातून बाहेर काढायचं म्हणजे मालुसऱ्यांनाच पुन्हा दोर लावून चढावं लागेल.

पण मी म्हणतो, ही बाई तिथे आलीच कशी? शंभरभर तलवारी, खंदक, दोर, रात्र, एवढा ऐवज हाताशी असताना या लेखकाला गडावर एक विधवा का न्यावीशी वाटली? प्रेमकथेची फोडणी म्हणून, असं पटकन सांगता येतं. फोडणी आहेच. पण मग चितेवर निघालेली, आणि तिथूनही परक्या पुरुषाच्या हाती पडणारी, जिच्या जगण्याचा आणि मरण्याचा निकाल दुसरेच लावतात अशी बाई त्यांनी का निवडली? इथे पाण्यातून वाचलेलं ते दुसरं पुस्तक उघडावं लागतं.

‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणुकी’त येऊ लागली. ही यमूची हकिगत, तिच्याच तोंडची. बालपण, लग्न, रघुनाथराव नावाचा बरा नवरा, चार दिवसांचं सुख, त्याचा मृत्यू, आणि मग शंकरमामंजींच्या राज्यात तिच्यावर जबरदस्तीने झालेलं केशवपन. ती अंकाअंकातून येत होती त्याच काळात, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं वय दहाचं बारा करायचं, एवढीच गोष्ट; पण तेवढ्यासाठी पुण्यात आकाश कोसळायचं बाकी राहिलं होतं. सभा, पत्रकं, शास्त्रार्थ, धर्म बुडाल्याच्या आरोळ्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. या सगळ्या गोंगाटात ज्या मुलीविषयी हे चाललं होतं तिला मात्र कुणी विचारलं नाही. हरिभाऊंनी तिलाच बोलायला लावलं. हे एका पुरुषाने, दर आठवड्याला अंक काढण्याच्या घाईत केलं.

यमूला पोवाडा नाही, बखर नाही. तिची समाधी कुठल्या उमरठात नाही आणि तिच्या नावाने कुठला घाट उतरत नाही. तशा किती यमू महाडच्या आणि पुण्याच्या माजघरांत संपल्या, त्यांची नोंद ठेवायला सभासद बसला नव्हता. तेव्हा मला असं वाटतं की हरिभाऊ दहा वर्षांनी कोंढाण्यावर चढले ते एकटे चढले नाहीत. यमू त्यांच्याबरोबर होती. तिला त्यांनी रजपुतीण केलं, राजवाड्यातलं नाव दिलं, आणि या खेपेला तिच्या सोडवणुकीसाठी मावळे आणले. वाड्यातल्या यमूसाठी कुणी कडा चढलं नव्हतं.

त्या कादंबरीचं नाव तर मराठीत म्हणच होऊन बसलं. नळाला पाणी नाही, पण लक्षात कोण घेतो. महामार्गाला खड्डे आहेत, पण लक्षात कोण घेतो. पण या म्हणीचा सर्वांत मोठा दाखला महाडमध्येच आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात गेला, तळं जागच्या जागी राहिलं, आणि तीन वर्षं कुणी त्या पाण्यात हात घालू शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव लक्षात घ्यावा लागला. त्यानंतरही कज्जा हायकोर्टात जाऊन १९३७ साली निकाल लागला. लक्षात घ्यायला महाडला तेरा वर्षं लागली. फक्त पाण्यापुरती.

म्हणून कुणी विचारलं तर मी पोलादपूरच्या गुरुजींचाच सल्ला देतो, फक्त त्याला महाडच्या आजींची पुरवणी जोडतो. हरिभाऊंना उमरठापासून धरावं. तलवारी, दोर, रात्र यांची लाज बाळगू नये; फणसातले सर्वांत सोपे गरे ते. कमलकुमारी आली की जरा थांबावं, आणि ही कोण म्हणून विचारावं. मग यमूचं पुस्तक घ्यावं. ते दिवसा वाचावं, आणि घरात आई, आजी, मोठी बहीण कुणी असेल तर त्यांच्यासमोर वाचावं, म्हणजे मध्येच डोळे पुसायला उठलात तर त्या कारण विचारणार नाहीत. ‘उषःकाल’ पुढल्या पावसाळ्यासाठी राखून ठेवावी.

आणि महाडात राहत असाल तर तिन्ही पुस्तकं वरच्या फळीवर ठेवावीत.