बैल वाहन, तर सायकल कोण?

पाचोरा-जामनेर छोट्या गाडीच्या जमान्यात अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेली मंडळी आपल्या पहूर स्टेशनावर उतरत आणि मिळेल त्या गाडीने फर्दापूर गाठत. गाडीला जुंपलेला बैल जनावर की वाहन, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसेल. कायद्याला मात्र पडला! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत बैल, रेडा, उंट, गाढव, घोडा, खेचर, एवढेच काय, हत्तीसुद्धा आहे. गुन्ह्यात वापरलेले वाहन सरकारजमा होते, तिथे ही व्याख्या कामी येते. मग सायकल सुटेल कशी?

अमेरिकेत नेमके उलटे. तिथल्या १९६४ च्या कायद्याने राखीव रानात मोटारीच नव्हे, तर सगळीच यांत्रिक वाहने बंद केली. घोडा मात्र चालतो. पुढे जाड टायरच्या सायकली डोंगर चढू लागल्या, वाद पेटला, आणि १९८४ मध्ये वनखात्याने सायकलचे नाव घेऊनच बंदी घातली. घोड्याच्या टापांनी वाट उखडत नाही का, असे सायकलवाले विचारतात. प्रश्न चुकीचा नाही.

आपला कायदा विचारतो ते वेगळेच: तू कोण आणि कशाला आलास? अभयारण्यात राहण्याची मुभा असलेला, तिथे जमीनजुमला असलेला, सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारा, यांना परवाना लागत नाही. अभ्यास, छायाचित्रण वा पर्यटनासाठी येणाऱ्याला लागतो.

याच अजिंठ्याच्या डोंगररांगेत, चाळीसगावच्या अंगाला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. पाटणादेवी त्यातच. तिथे सायकल न्यावी का? माझ्या मते, जिथे जीप जाते त्या रस्त्यावर सायकल अडवणे हा शुद्ध वेडेपणा. पायवाटेवर मात्र नको. सायकल आवाज न करता येते, वळणावर अस्वल समोर आले तर सावरायला दोघांनाही वेळ मिळत नाही.

पण वनखात्याने नुसती 'सायकलींना मनाई' अशी पाटी लावली, तर रविवारचा हेल्मेटवाला दुसरी वाट शोधील. अडवला जाईल तो रानातल्या आपल्या शेतावरून कॅरिअरला दुधाची किटली बांधून निघालेला माणूस.